नोट खरी, तरी यंत्राचा नकार

बँकांच्या खिडकीवरील गर्दी कमी व्हावी म्हणून रोख रक्कम घेणारी स्वयंचलित यंत्रे आली. मात्र गेल्या काही वर्षांत नोटांचे आकार, रंग आणि मालिका ज्या वेगाने बदलल्या, त्या वेगाने ही यंत्रे बदलली नाहीत. त्याचा भार कराडसारख्या बाजारपेठेच्या गावातील सामान्य ग्राहकाला उचलावा लागत आहे.

कराडमधील बँकांच्या रोख भरणा यंत्रांपुढची रांग हे आता नित्याचे दृश्य झाले आहे. पाटण खोऱ्यातून सकाळच्या एस.टी.ने आलेला एखादा शेतकरी पुण्यात शिकणाऱ्या मुलाच्या खात्यात पैसे भरण्यासाठी या रांगेत उभा असतो. त्याची पाळी येते. यंत्र नोटांची गड्डी आत ओढते, क्षणभर घरघरते आणि त्यातील तीन नोटा परत बाहेर टाकते. तो त्या मांडीवर घासून सरळ करतो, उलट्या करून घालतो, पुन्हा त्याच नोटा बाहेर येतात. मागच्या लोकांची चुळबुळ सुरू होते. शेवटी एखादा तरुण सांगतो, 'काका, दुसऱ्या नोटा असतील तर बघा.' काकांजवळ दुसऱ्या नोटा नसतात. आणि फी भरण्याची मुदत तर त्याच दिवशी संपणार असते.

नोट खोटी नाही, फाटलेली नाही, बाद झालेलीही नाही. रिझर्व्ह बँक कायदा, १९३४ मधील कलम २६ अन्वये ती देशात कोठेही देण्याघेण्यासाठी वैध चलन आहे. नोटेवर तर खुद्द गव्हर्नरांनी धारकाला रक्कम अदा करण्याचे वचन दिले आहे. तरीही पत्र्याच्या एका पेटीने 'नाही' म्हटले की तिच्यापुढे अपील चालत नाही. खिडकीवरील रोखपाल निदान नोट का नको ते सांगत असे. यंत्र कारण सांगत नाही. कायद्याने वैध असलेली नोट आणि यंत्राला मान्य असलेली नोट यांत पडलेले हे अंतर वरकरणी किरकोळ वाटले, तरी तो केवळ तांत्रिक प्रश्न नव्हे. चलनाविषयीचे निर्णय मुंबई-दिल्लीत घेतले जातात आणि त्यांची अंतिम परीक्षा गावोगावच्या यंत्रांच्या तोंडाशी होते, हे या प्रश्नाचे खरे स्वरूप आहे.

देणारे यंत्र आणि घेणारे यंत्र

नोटा देणारे यंत्र आणि नोटा घेणारे यंत्र यांत मूलभूत फरक आहे. एटीएममध्ये कोणत्या कॅसेटमध्ये कोणत्या किमतीच्या नोटा ठेवल्या आहेत, हे रोकड भरणाऱ्या माणसानेच त्याला सांगितलेले असते. नोटा आधी मोजलेल्या आणि पारखलेल्या असतात. दोन नोटा एकत्र निघाल्या काय, नोट तिरकी सरकली काय, एवढेच त्या यंत्राने पाहायचे असते. नोटा घेणाऱ्या यंत्राला असा कोणताही आधार नसतो. समोर आलेला कागद नोट आहे काय, असल्यास किती रुपयांची, खरी की बनावट, हे सारे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावे लागते. म्हणजे पहिले यंत्र केवळ हमाल आहे. दुसरे मात्र पारखी आहे.

ही पारख कशी होते? नोट तोंडाशी येताच तेथील सेन्सर मोटर सुरू करतो आणि रबरी पट्टे नोट आत ओढून घेतात. तिची लांबी-रुंदी मोजली जाते. साध्या आणि अवरक्त प्रकाशात तिचे चित्र वाचले जाते, कारण छपाईच्या काही शाया अवरक्त प्रकाशात दिसतात आणि काही दिसेनाशा होतात. अनेक यंत्रांत अतिनील प्रकाशाची आणि चुंबकीय गुणधर्मांचीही तपासणी असते. मिळालेले वाचन यंत्राच्या स्मृतीत साठवलेल्या नमुन्याशी ताडून पाहिले जाते. ते ठरलेल्या मर्यादेत बसले तर नोट स्वीकारायची, अन्यथा परत करायची.

येथे ही मर्यादा किती सैल ठेवायची हा कळीचा मुद्दा ठरतो. मर्यादा सैल केली तर मळकी नोट आत जाईल, पण तिच्याबरोबर बनावट नोटही जाण्याचा धोका वाढेल. मर्यादा घट्ट केली तर बनावट नोट अडेल, पण खऱ्या नोटाही मोठ्या प्रमाणावर परत येतील. बनावट नोट आत गेली तर नुकसान यंत्राच्या मालकाचे होते. खरी नोट परत आली तर खेटा ग्राहकाला पडतो. मालकाचा कल कोणत्या बाजूला झुकणार, हे सांगण्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

नोट पारखून झाल्यावरही ती लगेच पेटीत पडत नाही. चांगल्या यंत्रांत ती मध्येच एका जागी थांबवून धरली जाते. या टप्प्याला एस्क्रो म्हणतात. नोट मान्य असल्याचा निरोप यंत्र मुख्य संगणकाला देते, तिकडून होकार आला की नोट पेटीत ढकलली जाते. होकार न आल्यास ती ग्राहकाला परत मिळते. पैसे अडकल्याच्या तक्रारींचे मूळ पुष्कळदा या मधल्या काही क्षणांत असते.

सात मिलिमीटरचा फरक

यंत्रांची ही घडी ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री विस्कटली. त्या रात्री पाचशे आणि हजाराच्या जुन्या नोटा रद्द झाल्या. चलनातील एकूण मूल्याच्या सुमारे ८६ टक्के नोटा एका घोषणेने बाद झाल्या, याची चर्चा पुष्कळ झाली. नव्या नोटांचा आकार जुन्यांपेक्षा वेगळा होता, ही गोष्ट मात्र लोकांना एटीएमपुढे उभे राहिल्यावर कळली. जुनी पाचशेची नोट १६७ मिलिमीटर लांब आणि ७३ मिलिमीटर रुंद होती. नवी पाचशेची १५० बाय ६६ आणि दोन हजाराची १६६ बाय ६६ अशी निघाली. जुन्या कॅसेटमध्ये या नोटा बसेनात. त्या वेळी देशात दोन लाखांहून अधिक एटीएम होती आणि त्यांतील प्रत्येकापर्यंत तंत्रज्ञ पाठवावा लागणार होता. या कामासाठी रिझर्व्ह बँकेने तत्कालीन डेप्युटी गव्हर्नर एस. एस. मुंद्रा यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमले. फेरजुळणी झालेल्या एटीएममधून दिवसाला अडीच हजार आणि न झालेल्यातून दोन हजार रुपये, अशी मर्यादाही त्या काळात होती.

एटीएमचा प्रश्न देशाने पाहिला. नोटा घेणाऱ्या यंत्रांचा प्रश्न त्याहून बिकट असूनही तो फारसा कोणाच्या लक्षात आला नाही. एटीएमला कॅसेटचे माप आणि संगणकातील नोंद बदलली की काम भागत होते. घेणाऱ्या यंत्राला नवी नोट ओळखायला शिकवावे लागते. त्यासाठी निर्मात्याला त्या नोटेचे पुष्कळ नमुने हवेत, तेही केवळ कोरे नव्हेत, तर वापरून मळलेले, घडी पडलेले, वेगवेगळ्या छापखान्यांतून आलेले. नोट गुप्ततेने छापली गेली असेल तर हे नमुने आधी मिळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ती लोकांच्या हाती फिरू लागल्यावरच नमुने गोळा होतात, नोटांची ओळख सांगणारी नवी माहितीफाईल तयार होते आणि ती यंत्रागणिक भरली जाते.

हे एकदा होऊन थांबले असते तरी निभावले असते. पण पुढील तीन वर्षांत नोटा बदलतच राहिल्या. ऑगस्ट २०१७ मध्ये पन्नासची निळी आणि दोनशेची पिवळी, जानेवारी २०१८ मध्ये दहाची चॉकलेटी, त्याच वर्षी जुलैमध्ये शंभराची जांभळट आणि २०१९ मध्ये वीसची हिरवट पिवळी अशा नोटा आल्या. एकट्या शंभराच्या नव्या नोटेसाठी देशातील सुमारे दोन लाख चाळीस हजार एटीएमची फेरजुळणी करण्यास शंभर कोटी रुपये लागतील, असा अंदाज त्या वेळी एटीएम उद्योगाने वर्तवला होता. त्यानंतर १९ मे २०२३ रोजी दोन हजाराची नोट चलनातून मागे घेण्याची घोषणा झाली. म्हणजे सात वर्षांच्या आत एका नोटेची ओळख यंत्राला शिकवायची आणि तीच पुन्हा बंद करायची, असा उलटा फेराही पूर्ण झाला.

शंभराची जुनी नोट रद्द झालेली नाही. जुनी १५७ बाय ७३ आणि नवी १४२ बाय ६६ अशा दोन्ही एकाच वेळी चलनात आहेत. जुन्या नोटेसाठी बनवलेल्या रुंद तोंडात नवी नोट घातली की दोन्ही कडांना मिळून सात मिलिमीटरची मोकळीक राहते. तेवढ्यात ती तिरकी होते आणि तिरकी नोट वाचता येत नाही म्हणून परत येते. म्हाताऱ्या माणसाचा किंचित थरथरणारा हातही त्यासाठी पुरेसा असतो. शिवाय पूर्वी शंभर आणि पाचशेच्या नोटांच्या लांबीत दहा मिलिमीटरचा फरक होता. नव्या मालिकेत शंभर, दोनशे आणि पाचशे यांच्या लांबीत प्रत्येकी केवळ चार मिलिमीटरचा फरक उरला. कड थोडी झिजली, कोपरा दुमडला, तरी यंत्राचे मोजमाप चुकण्याची शक्यता वाढते. बोटांनी नोट ओळखणाऱ्या दृष्टिहीनांची अडचणही हीच होती. त्यांच्या वतीने हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने नोट ओळखून किंमत सांगणारे 'मनी' हे मोबाइल ॲप आणले. यंत्राची अडचण मांडण्यासाठी न्यायालयात जाणारे मात्र कोणी नसते.

कृष्णाकाठच्या नोटा

यंत्रे जगाच्या कोणत्याही कोपऱ्यात तयार होवोत, ती चालवायची असतात स्थानिक हवेत आणि स्थानिक हातांतून आलेल्या नोटांवर. कराड हे कृष्णा-कोयनेच्या संगमावरचे, पुणे-बंगळूर महामार्गावरचे गाव. एका बाजूला सह्याद्रीचा पावसाळी पट्टा, दुसऱ्या बाजूला कडेगाव-खानापूरचा कोरडा माणदेशी वारा. पाटण खोऱ्यातून पावसाळ्यात येणारी नोट दमट आणि मऊ असते. भारतीय नोटेचा कागद कापसाच्या धाग्यांपासून केलेला असल्यामुळे तो ओल शोषतो. मऊ पडलेली नोट रबरी पट्ट्यांत सरळ जात नाही, तिला चुण्या पडतात आणि ती अडकते.

ऊस, गूळ आणि हळद ही या परिसराची पिके आहेत. गुऱ्हाळघरातून आणि गुळाच्या अडतीतून फिरलेल्या नोटेवर चिकटपणा असतो. तो पट्ट्यांना लागतो आणि त्यावर धूळ बसते. गळीत हंगामात उसाच्या वाहनांची धूळ आणि बॉयलरची काजळी हवेत असते, तीही सेन्सरच्या काचेवर साचते. सांगली ही हळदीची मोठी बाजारपेठ. हळदीतील कर्क्युमिन हा घटक अतिनील प्रकाशात चमकतो. खऱ्या नोटेचा कागद मात्र त्या प्रकाशात चमकत नाही, ठरावीक खुणाच तेवढ्या उजळतात. हळदीचा हात लागलेल्या नोटेविषयी अतिनील तपासणी करणाऱ्या यंत्राला शंका आली, तर त्याला दोष देता येणार नाही. विजारीच्या खिशात राहून धुतल्या गेलेल्या नोटेचेही तसेच. कपडे शुभ्र दिसावेत म्हणून धुलाई पावडरमध्ये घातलेली चमक आणणारी द्रव्ये नोटेच्या कागदात मुरतात आणि अतिनील प्रकाशात ती नोट नीळ दिलेल्या धोतरासारखी उजळते. यंत्र ती बनावट समजते.

याशिवाय लोकांच्या सवयी आहेतच. नोट चार घड्या करून कनवटीला लावणे, चिकटपट्टीने जोडणे, तिच्यावर हिशेब लिहिणे हे सर्रास चालते. नोटांच्या गड्ड्यांना टाचण्या मारू नयेत, असे निर्देश रिझर्व्ह बँकेने २००१ मध्येच बँकांना दिले होते. तरी टाचणीची जुनी भोके बाळगणाऱ्या नोटा अजून अधूनमधून हाती येतात. या साऱ्या नोटा बाजारात विनातक्रार चालतात. भाजीवाल्या मावशी त्या घेतात, कंडक्टर घेतो. यंत्र घेत नाही.

कायदाही यंत्रापेक्षा उदार आहे. २००९ च्या नोट परतावा नियमांत २०१८ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार पन्नास रुपये व त्यावरील नोटेचा ८० टक्क्यांहून अधिक भाग एकसंध शिल्लक असेल तर तिची पूर्ण किंमत आणि ४० ते ८० टक्के भाग असेल तर निम्मी किंमत मिळू शकते. यंत्राला मात्र तुटलेला एक कोपराही चालत नाही. म्हणूनच यंत्राने नाकारलेल्या नोटेला बँकेत माणसाची खिडकी असणे ही सवलत नसून गरज आहे.

बसवणी आणि दुरुस्ती

बहुतेक बिघाड मोठे नसतात, ही यातील दिलासा देणारी बाब आहे. यंत्र बसवताना थोडी काळजी घेतली आणि बिघाड शोधताना क्रम पाळला, तर निम्म्याहून अधिक त्रास टळू शकतो.

बसवताना पहिला प्रश्न जागेचा असतो. यंत्राचे तोंड पश्चिमेकडे असेल आणि दुपारचे ऊन थेट आत जात असेल, तर प्रकाशावर चालणारे सेन्सर गोंधळतात. मग 'सकाळी चालते, दुपारी बंद पडते' अशी चमत्कारिक तक्रार येते. दुसरा प्रश्न विजेचा. नोटा घेणाऱ्या भागाला बहुधा १२ किंवा २४ व्होल्टचा स्थिर पुरवठा लागतो. मोटर सुरू होताना क्षणभर अधिक प्रवाह ओढला जातो. वीजसंच अपुऱ्या ताकदीचा असेल तर नेमक्या त्याच वेळी दाब पडतो आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. अर्थिंग नीट नसणे हे तर आपल्याकडील जुने दुखणे. तिसरा प्रश्न संवादाचा. नोटा घेणारा भाग आणि किऑस्कचा संगणक यांची भाषा एकच असावी लागते. ती जुळली नाही, तर नोट आत जाते आणि पडद्यावर रक्कम शून्यच राहते. चौथा प्रश्न सेटिंगचा. कोणत्या किमतीच्या नोटा घ्यायच्या आणि त्या चारही बाजूंनी घातल्या तरी घ्यायच्या काय, हे आधी ठरवावे लागते. दोनशेची नोट यंत्राला ओळखता येत असूनही केवळ सेटिंगमध्ये ती बंद ठेवल्यामुळे परत येते, असेही घडते.

यंत्र नोटा परत टाकू लागले की सर्वप्रथम त्याची नोंदवही, म्हणजेच लॉग पाहिला पाहिजे. कोणत्या किमतीची नोट, किती वेळा आणि कोणत्या कारणाने नाकारली, हे तेथे कळते. एकाच किमतीची नोट सतत नाकारली जात असेल तर दोष माहितीफाईलचा किंवा सेटिंगचा असतो. साऱ्याच नोटा परत येत असतील तर काचेवरील धूळ, झिजलेले पट्टे किंवा वीजपुरवठा यांकडे पाहावे लागते. एकही नोट आत ओढली जात नसेल तर पेटी भरली आहे काय, ती नीट बसली आहे काय, आणि मुख्य संगणकानेच नोटा घेणे थांबवले आहे काय, हे तपासावे. यानंतर काच आणि पट्टे निर्मात्याने सांगितलेल्या पद्धतीने मऊ कापडाने पुसायचे. भलते रसायन वापरले तर काच कायमची धुरकट होते. मग चांगल्या स्थितीतील पाच-सहा नोटा, जुन्या आणि नव्या दोन्ही मालिकांच्या, चारही बाजूंनी घालून पाहायच्या. त्या गेल्या तर यंत्र ठीक आहे आणि दोष ग्राहकाच्या नोटेत आहे. त्या गेल्या नाहीत तरच पेचकस हाती घ्यायचा.

हे सारे एखाद्या आयटीआय झालेल्या मुलाला आठवड्यात शिकता येईल असे काम आहे. प्रत्यक्षात मात्र यंत्र बँकेचे, देखभाल एका कंपनीची, आतील नोटा वाचणारा भाग दुसऱ्या कंपनीचा आणि रोकड नेणारी गाडी तिसऱ्याची, अशी विभागणी अनेक ठिकाणी असते. शाखेतील कर्मचाऱ्याला यंत्र उघडण्याची परवानगी नसते आणि तंत्रज्ञ मोठ्या शहरातून यायचा असतो. मोठ्या शहरात शेजारच्या चौकात दुसरे यंत्र मिळते. तालुक्याच्या गावी ते मिळेलच असे नाही. तंत्रज्ञ येईपर्यंत काचेवर 'यंत्र बंद आहे' असा कागद चिकटवून सारे मोकळे होतात.

अडकलेले पैसे

नोट परत आली तर मनस्ताप होतो. नोट आत गेली आणि खात्यात जमा झाली नाही, तर पोटात गोळा येतो. एस्क्रोच्या टप्प्यावर वीज गेली किंवा नेटवर्क तुटले, तर नोट मधल्यामध्ये राहते. पुन्हा वीज आल्यावर काही यंत्रे ती परत देतात, काही पेटीत टाकतात. ग्राहक तोवर निघून गेलेला असतो, किंवा यंत्राने परत दिलेली नोट मागे उभा असलेला उचलतो. यंत्राची पेटी उघडून रोकड मोजल्यावर जादा रक्कम सापडते आणि तक्रारीशी ताळमेळ लागतो. पण त्यासाठी ग्राहकाच्या हाती काही पुरावा असला पाहिजे, आणि पावतीचा कागद संपलेला असतो.

कराडकरांना पैसे अडकणे म्हणजे काय हे नव्याने सांगण्याची गरज नाही. कराड जनता सहकारी बँकेवर २०१७ मध्ये निर्बंध आले आणि डिसेंबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचा परवानाच रद्द केला. त्या प्रकरणाचा यंत्रांशी संबंध नसला, तरी आपली रक्कम आपल्याला वेळेवर मिळेल की नाही, ही धास्ती अशा अनुभवांतून गावाच्या मनात घर करून राहते. यंत्राने गिळलेले पाच हजार रुपये अशा गावात केवळ पाच हजार राहत नाहीत.

नियमांची बाजू येथे अपुरी आहे. एटीएममधून पैसे न निघता खात्यातून वजा झाले, तर पाच दिवसांत ते परत करावेत आणि त्यानंतर दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी, असे रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात स्पष्ट म्हटले आहे. एटीएममध्ये महिन्यात दहा तासांहून अधिक काळ रोकड नसेल तर दहा हजार रुपये दंड, अशी तरतूदही ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाली. पैसे देणाऱ्या यंत्राबाबत अशी काटेकोर कलमे करणाऱ्यांनी पैसे घेणाऱ्या यंत्राबाबतही तीच शिस्त लावणे हे न्यायाला धरून होईल. ग्राहकाला बँकेकडे तक्रार करता येते आणि तीस दिवसांत समाधान न झाल्यास लोकपालाकडे जाता येते. परंतु फीची मुदत आज संपणाऱ्या माणसाला तीस दिवसांचा उपाय कितपत उपयोगी, हा प्रश्न उरतोच.

क्यूआर हे उत्तर काय?

मग नोटांची ही कटकटच नको, सारे व्यवहार मोबाइलवरून करावेत, असा युक्तिवाद केला जातो. धोरणाचा कलही तिकडेच आहे. सुटी नाणी देणाऱ्या यंत्रांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. नाण्यांसाठी यंत्रात घातल्या जाणाऱ्या नोटांपैकी अनेक बनावट निघत असल्याचे आढळले, तेव्हा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये बारा शहरांत क्यूआर कोडवर नाणी देणाऱ्या यंत्रांचा प्रयोग जाहीर केला. म्हणजे नोट पारखणारे तोंड सुधारण्याऐवजी ते काढूनच टाकण्यात आले. मुंबईच्या उपनगरी स्थानकांवरही रोख पैसे घेणाऱ्या तिकीट यंत्रांपेक्षा स्मार्टकार्ड, क्यूआर आणि मोबाइल ॲप यांचाच प्रसार अधिक झाला. महावितरणने ऑगस्ट २०२३ पासून घरगुती व अन्य लघुदाब ग्राहकांसाठी रोखीने वीजबिल भरण्यास महिना पाच हजार रुपयांची मर्यादा घातली.

यात गैर काही नाही. मात्र रोख संपलेली नाही, हेही तितकेच खरे. २०१६ मध्ये पाचशे आणि हजाराच्या नोटा मिळून चलनाच्या मूल्यात सुमारे ८६ टक्के होत्या. मार्च २०२५ अखेर एकट्या पाचशेच्या नोटेचा वाटा जवळपास तेवढाच आहे. ऊसतोडणीची उचल, शेतमजुराची मजुरी, आठवडी बाजार, दवाखान्याचा खर्च या गोष्टी अजूनही मोठ्या प्रमाणावर रोखीनेच होतात. रिझर्व्ह बँकेलाही हे ठाऊक आहे, म्हणूनच ऑगस्ट २०२४ पासून कार्डाशिवाय, यूपीआयच्या साह्याने यंत्रात रोकड भरण्याची सोय सुरू झाली. तिच्यामुळे कार्डाची गरज संपली, नोटेची नव्हे. ती शेवटी त्याच तोंडातून, त्याच पट्ट्यांवरून आणि त्याच धुळकट काचेखालून जाणार आहे.

या पार्श्वभूमीवर काही गोष्टी करणे मुळीच अवघड नाही. प्रत्येक यंत्रावर ते कोणत्या किमतीच्या आणि कोणत्या मालिकेच्या नोटा घेते, हे मराठीत ठळक लिहावे. नोट परत करताना 'नोट तिरकी आहे', 'ही नोट ओळखता आली नाही', 'पेटी भरली आहे' असे कारण पडद्यावर दाखवावे. ही कारणे यंत्राला ठाऊक असतात, ती ग्राहकापासून लपवण्याचे प्रयोजन नाही. यंत्राने नाकारलेली नोट त्याच शाखेच्या खिडकीवर कामाच्या वेळेत घेतली जावी. वीज खंडित झाल्यास सुरू असलेला व्यवहार पूर्ण करण्यापुरती बॅटरी प्रत्येक यंत्राला असावी, आणि कागद संपला असेल तर यंत्राने रक्कम घेऊच नये. नोटा वाचणारा एक जादा भाग तालुक्याच्या ठिकाणी ठेवला, तर बिघडलेला भाग काही मिनिटांत बदलता येतो. देखभालीसाठी माणसेही दूर शोधावी लागणार नाहीत. १९६० पासून अभियांत्रिकी महाविद्यालय असलेल्या कराडमध्ये हे काम शिकू शकणाऱ्या तरुणांची वाण नाही.

यापुढे नोट बदलताना तिचे नमुने यंत्रनिर्मात्यांना पुरेशा आधी मिळतील, अशी व्यवस्था रिझर्व्ह बँकेने केली पाहिजे. गुप्तता अपरिहार्य असेल तेथे निदान यंत्रे अद्ययावत होण्याची मुदत बँकांना घालून द्यावी आणि ती पाळली गेली की नाही, हे जाहीर करावे. चलन बदलण्याचा अधिकार सरकारचा आहे. त्या बदलाचा खर्च मात्र रांगेत ताटकळणाऱ्या माणसाने आपला दिवस मोडून भरावा, हे योग्य नव्हे.

कराडच्या त्या रांगेतील शेतकऱ्याचे म्हणणे साधे आहे. नोट सरकारची, यंत्र बँकेचे, मग दोघांचे जमत नसेल तर खेटा त्याला का? या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी यंत्रावर ढकलता येणार नाही. ते यंत्र बसवणाऱ्यांनीच द्यायला हवे.